मदत हवी आहे: ७२ ची नोव्हा, ३८३ स्ट्रोकर. मूळ ब्लॉकच्या डेकवर (हेड बसतो त्या वरच्या सपाट माथ्यावर) कट मारावा का?

वुडवर्डकर:

नमस्कार मंडळी. जुन्या अमेरिकन गाड्यांचा किडा असलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

गाडी १९७२ ची शेवरोले नोव्हा. ३५० घन इंचांचा स्मॉल ब्लॉक (शेवरोलेचं छोटं व्ही-८), टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अॅक्सलला ३.०८ चा गिअर रेशो. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. रेस वगैरे काही करायची नाही. सुट्टीच्या दिवशी वुडवर्ड अव्हेन्यूवर चक्कर, ऑगस्टमधल्या ड्रीम क्रूझला तासन्‌तास रांगेत सरपटणं आणि सिग्नल सुटल्यावर कधीतरी जरा पाय दाबणं, एवढीच हौस. म्हणजे ताकद खालच्या आरपीएमला हवी. १९७१ पासून जीएमने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) पाडलं आणि माझं इंजिन त्यानंतरचं, ८.५ च्या आसपासचं. चालतं गुमान, पण अंगात दम नाही.

इंजिन खोललंय. क्रँकचे जर्नल ओरखडलेले निघाले, म्हणजे क्रँकला हात लावायचाच आहे. मग स्ट्रोकरच, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिनच, का नको? ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८. बोअर ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला आणि ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला की ३८२.७ घन इंच होतात, जवळपास ६.३ लिटर. पूर्वी शेवरोलेच्याच ४०० चा क्रँक आणून त्याचे मेन जर्नल २.६५ इंचांवरून २.४५ वर ग्राइंड करून घ्यायचे. आता नवा तयार मिळतो, तोही इंटर्नल बॅलन्सचा.

आता घोडं अडलंय ते इथे. मशीन शॉपवाला म्हणतो, डेक झिरो करून टाक, म्हणजे वर आलेल्या पिस्टनच्या पातळीपर्यंत कापून टाक. त्याचं गणित बरोबर आहे. अर्धा स्ट्रोक १.८७५, रॉड ५.७, पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत १.४२५, बेरीज बरोबर ९ इंच. ब्लॉकची डेक हाइट ९.०२५. म्हणजे टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) तो २५ थाऊ खालीच राहतो. वर नेहमीचं ४१ थाऊचं हेड गॅस्केट धरलं की क्वेंच (पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यातली फट) ६६ थाऊ. क्वेंच पाहिजे ४० च्या आसपास, म्हणजे मिश्रण नीट घुसळलं जातं आणि इंजिन नॉक करत नाही.

पण उजव्या हेडच्या पुढे, डेकच्याच पातळीत, तो छोटा पॅड असतो ना, त्यावर इंजिनचा कोड आणि व्हीआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे ठोकलेले आहेत. माझे गाडीशी जुळतात. कटर फिरला की ते साफ. शॉपवाला अगदी सहज म्हणाला, "मागाहून पुन्हा ठोकून देतो की!" पुन्हा ठोकलेला नंबर म्हणजे खोटा दाखला, तो धंदा मला करायचा नाही. गाडी विकायचा विचार नाही, तरीही नाही.

हेड ६४ सीसी चेंबरचे अॅल्युमिनियमचे घ्यायचं मनात आहे. फ्लॅट टॉप पिस्टन घेतले, व्हॉल्व्हच्या खाचांचे ६ सीसी धरले, तर कट न मारता कॉम्प्रेशन १०.३ येतं आणि झिरो डेकला १०.९. इथे पंपावर जास्तीत जास्त ९३ ऑक्टेन मिळतं. ऑगस्टच्या उन्हात, रांगेत उभ्या गाडीत मला १० च्या वर जायची हिंमत होत नाही.

तर नंबर वाचवून क्वेंच आणि कॉम्प्रेशन दोन्ही जमवता येतील का? शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फ्लॅट टॅपेट, म्हणजे सपाट तळाच्या लिफ्टरचा, ठेवावा की चाकवाल्या रोलर लिफ्टरवर जावं? पॉवर ब्रेक आहेत, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम हवा. धडधडाट कमी झाला तरी चालेल.

जुना_फिटर:

नंबरला हात लावू नका. कट न मारताही काम होतं. २८ थाऊचं गॅस्केट मिळतं, ते घ्या आणि फ्लॅट टॉपऐवजी १२ सीसी डिशचे पिस्टन. क्वेंच ५३ आणि कॉम्प्रेशन दहाला टेकेल, वर जाणार नाही. ५३ म्हणजे ४० नव्हे, पण ६६ पेक्षा कितीतरी बरं. १५ थाऊच्या पत्र्याच्या गॅस्केटने क्वेंच ४० वर येतो, पण ते बिडाच्या हेडला. अॅल्युमिनियमवर मी वापरणार नाही.

आणि ९.०२५ हा कागदावरचा आकडा. कारखान्यात तेव्हा एवढं बारीक कोण बघत होतं? क्रँक, एक रॉड आणि एक पिस्टन घेऊन चारही कोपऱ्यांत लावून मोजा. पुढे २२ आणि मागे ३० निघाले तर आपलं हे सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल.

दुसरं, ब्लॉकला खाली घासावं लागणारच. रॉडचे बोल्ट ऑइल पॅनच्या कडेला आणि सिलिंडरच्या खालच्या टोकाला लागतात. जपून घासा, पलीकडे पाण्याची वाट आहे. रॉड आणि कॅमच्या लोबमध्ये (उंचवट्यामध्ये) किमान ५० ते ६० थाऊ जागा हवी. नुसतं बघून ठरवू नका, कॅम टाइमिंगला लावून क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा.

मीनल_ओहायो:

फिटरकाकांशी थोडी असहमत. मी असते तर मूळ ब्लॉक तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवला असता आणि ८७ नंतरचा रोलर ब्लॉक शोधला असता. मग हवा तेवढा कट मारा, कुणाच्या बापाचं काय जातं? रोलर कॅमसाठी लिंकबारचे (जोडपट्टीने एकमेकांना बांधलेले) महाग लिफ्टरही लागत नाहीत.

पण क्रँक त्याआधी घेऊ नका! ८६ पासून मागचं ऑइल सील अखंड आहे, तुमच्या ब्लॉकला दोन तुकड्यांचं. क्रँक वेगळा, फ्लेक्सप्लेट (क्रँकमागची चकती) वेगळी. शिवाय या नव्या ब्लॉकपैकी बऱ्याच जणांना मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागाच मशीन केलेली नसते. तेही बघून घ्या.

वुडवर्डकर:

दोघांचेही आभार. मीनलताई, दुसरा ब्लॉक घेणं पटतंय, पण हाच ब्लॉक या गाडीत चालावा असं वाटतं, नाहीतर नंबर जपायचे कशाला? काका, डिशवालं गणित मी करून पाहिलं, ९.९८ आलं. बरं वाटलं. कॅमबद्दल कुणी बोलेल का?

क्वाड्राजेट:

ब्लॉक तोच असेल तर पैसे साठवून रोलरच घ्या. फ्लॅट टॅपेटला झिंक आणि फॉस्फरसवालं तेल लागतं, आजच्या साध्या तेलांत ते कमी केलंय. पहिल्यांदा चालू केल्यावर वीसेक मिनिटं २००० च्या वर ठेवावं लागतं, आणि एवढं करूनही लोब घासला तर लोखंडाचा चुरा सगळ्या बेअरिंगांत.

ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो ते) ५० थाऊ लिफ्टला २२० डिग्रीच्या आसपास, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११२. ३५० मध्ये जो कॅम रांगडा वाटतो, तोच ३८३ मध्ये निवांत चालतो. ब्रेकना व्हॅक्यूम पुरेल. कार्ब्युरेटर ६५० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा देणारा) भरपूर झाला, ५५०० आरपीएमला तुमचं इंजिन सव्वापाचशेच्या आसपास ओढेल. ७५० घे म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

आणि ३.०८ बदलू नका. २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना २६०० आरपीएम येतात. ३.७३ लावलात तर तिथेच ३१०० होतील आणि हायवेवर डोकं उठेल. स्ट्रोकरचा टॉर्क ३.०८ सहज ओढतो.

जुना_फिटर:

ऑइल फिल्टरच्या जवळही बघा बरं. काही ब्लॉकवर व्हीआयएनचे आकडे तिथे ठोकलेले असतात. तुमचे तिथे असले तर निम्मी चिंता मिटली.

वुडवर्डकर:

बघितलं, तिथे काही नाही. आहे ते पॅडवरच. म्हणजे कट रद्द, डिश आणि २८ थाऊ. आता चारही कोपरे मोजायचे आहेत. ट्रॉय किंवा रॉयल ओकच्या बाजूला कुणाकडे डेक मोजायचा डायल इंडिकेटर, ब्रिजसकट, असेल तर एका शनिवारापुरता द्याल का? व्यनि करा.