कक्षीय यांत्रिकी स्वतः शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कक्षीय यांत्रिकी, म्हणजे उपग्रह आणि यानांच्या कक्षांचं गणित, अभ्यासक्रमात नाही, म्हणून घरीच शिकतोय. केप्लरचे नियम नीट झालेत. ४०० किमी उंचीच्या कक्षेतून भूस्थिर कक्षेत जायला होमान पद्धतीने (दोनदा इंजिन पेटवून, मधल्या लंबवर्तुळाकार कक्षेतून) एकूण साधारण ३.८५ किमी/सेकंद वेगबदल लागतो, हे गणित हाताने सोडवलं. उत्तर जुळलं तेव्हा फार आनंद झाला.

गाडी अडली ती त्रिमितीत. स्थान आणि वेगाच्या सदिशांवरून सहा कक्षीय घटक (कक्षेचा आकार, कल, दिशा आणि यानाची जागा सांगणाऱ्या संख्या) काढताना एखादा कोन ३६० अंशांतून कधी वजा करायचा, हे पाठ आहे, पण चित्र डोळ्यांपुढे येत नाही. व्हिडिओ बरेच पाहिले. तेवढ्यापुरतं समजतं, वही उघडली की पुन्हा तिथेच.

बेट, म्युलर आणि व्हाइट यांचं १९७१चं पुस्तक चाळलं. भाषा आवडली, पण त्यातली कॅनॉनिकल एककं (किमी-सेकंदांऐवजी ग्रहाच्या त्रिज्येवर बेतलेली मापं) गोंधळात टाकतात. कर्टिस यांच्या पुस्तकात सोडवलेली उदाहरणं आहेत, मात्र प्रोग्राम मॅटलॅबमध्ये. मला फक्त पायथन येतं. दोन्ही घेण्याइतकं बजेट नाही. इंग्रजी चालेल, जुनी प्रतही चालेल. कॅल्क्युलस आणि सदिश येतात, टेन्सर नाही. परीक्षेसाठी नाही, पाया पक्का व्हावा एवढंच.

ज्यांनी शिक्षकाशिवाय हा विषय केलाय त्यांनी सांगावं: या दोनांपैकी आधी कोणतं घेऊ, की त्रिमितीचा भाग आकृत्यांसह सावकाश समजावणारं तिसरंच एखादं आहे?