प्रायश्चित्तकाळ: तुमची तयारी खरी कुठे झाली?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून घेताना दरवर्षी माझ्या मनात एक यादी असते. गोड बंद, पहाटे बायबल, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. दुसऱ्या आठवड्यात पहाट हातची जाते, तिसऱ्यात यादीच आठवत नाही. तरी ईस्टर येतोच. एखाद्या वर्षी मी तयार असते, एखाद्या वर्षी नसते, आणि त्याचा यादीशी फारसा संबंध नसतो. तुमचं कसं होतं? उपदेश नको, प्रार्थना, उपवास, दानधर्म सगळ्यांना पाठ आहेत. घडलेलं लिहा.

—

मी चर्चच्या गायनमंडळात आहे. प्रायश्चित्तकाळात आलेलुया हा देवाच्या स्तुतीचा शब्द गायचा नाही, आणि पास्काच्या रात्री, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, तोच दणक्यात गायचा, म्हणजे सराव याच दिवसांत करावा लागतो. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई सरावातसुद्धा तो शब्द उच्चारत नाहीत. "रात्र आली की म्हणेन." मग सगळे 'ला ला ला' वर चाल बसवतो. पहिल्या वर्षी मला हसू आलं, थोडी चीडही आली. आता तो शब्द माझ्याही तोंडातून निघत नाही. त्या रात्री शुभवर्तमानाआधी फादर तो पहिल्यांदा गातात तेव्हा घसा भरून येतो, आणि माझी पहिली ओळ हमखास बेसूर जाते.

—

माझं वय ६३. उपवासाचा नियम १८ ते ५९ वर्षांच्या लोकांना, म्हणजे मी सुटले. साखरेचा आजार आहे, म्हणून डॉक्टरांनीही सोडवलं. मग सुनेच्या स्वयंपाकावर बोलायचं नाही असं ठरवलं. उपवास सोपा होता हो.

—

११ वर्षांनी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेलो. रांगेत पुढे सहा जण होते. मी मागच्या दोघांना आपल्या पुढे सोडलं, वर "तुम्हाला घाई असेल" असा उदारपणाही दाखवला. आत गेल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना अर्ध्यातच विसरलो. फादर म्हणाले, तुमच्या शब्दांत म्हणा. ते तर त्याहून अवघड.

प्रायश्चित्त काय, तर बायबलातल्या लूकचा १५वा अध्याय एकदा वाचायचा. उधळ्या पुत्राची गोष्ट, लहानपणापासून माहीत, आणि तो पुत्र आपणच हेही ठरलेलं. भरभर वाचत गेलो आणि थोरल्या भावापाशी अडकलो. घरातच राहिलेला, सगळी कामं केलेला, आणि आत वाजंत्री चालू असताना रागाने दाराबाहेर उभा. माझा धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी बोलत नव्हतो. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, फोन केला. चार मिनिटं बोललो, तेही पावसापाण्याचं.

—

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला माझं नाव आलं. (२०१६ पासून या विधीला स्त्रियाही चालतात, त्याआधी नियमाने फक्त पुरुष.) घरून निघताना साबणाने पाय घासघासून धुतले, टाचांना क्रीम लावलं. फादर खाली वाकले तेव्हा पाय आपोआप मागे ओढला गेला. 'माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत' असं येशूला म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र मला तोवर उगाच नाटकी वाटायचा.

—

मी चौतिसाव्या वर्षी, पास्काच्या रात्रीच, बाप्तिस्मा घेतला. लोक पाण्याबद्दल विचारतात. मला आठवतो तो अंधार आणि जुन्या कराराची एकामागून एक सात वाचनं. तांबडा समुद्र ओलांडायचं वाचन आलं तेव्हा माझे गुडघे कापत होते.

—

मी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चच्या विधींच्या तयारीच्या खोलीत, काम करतो. माझ्याकडे तयारी म्हणजे गेल्या वर्षीच्या झावळ्या जमवा, जाळा, राख चाळा. पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा, ओमेगा, सालाचे चार आकडे आणि धुपाचे पाच खडे नीट बसतायत का पाहा. एका वर्षी गेल्याच सालाचा आकडा राहिला होता, ऐन वेळी लक्षात आला. या धांदलीत माझी प्रार्थना होत नाही, हे मी फादरांनाही सांगितलंय.

पण गुरुवारी मिस्सा संपल्यावर वेदीवरची वस्त्रं काढतो, पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, दुसरीकडे नेलेलं असतं. ते ठेवायच्या पेटीचं दार उघडं, जवळचा दिवा विझलेला. शनिवारी दुपारी झाडताना तिच्यासमोरून जातो, सवयीने गुडघा टेकतो, आणि टेकल्यावर कळतं की आत काहीच नाही. उठायला जरा वेळ लागतो. मग उरलेला अर्धा भाग झाडून घेतो, कारण संध्याकाळी अंगणात नवा अग्नी पेटवायला लाकडं रचायची असतात.

—

शनिवारी दुपारी झाडायला अजून एक माणूस चालेल का? मेणबत्तीचे आकडेही तपासून देईन.