ध्येयवादी वकील म्हणजे भाबडेपणा? अजिबात पटत नाही

आसावरी

मेघदूत यांनी काल लिहिलं की कादंबऱ्या-सिनेमांतला ध्येयवादी वकील ही लहान मुलांची गोष्ट आहे, खरा वकील धूर्तच असतो आणि लेखकांनी आता हे देव्हारे मोडावेत. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतल्या वकिलाला, अ‍ॅटिकस फिंचला सर्वांत जास्त नावं ठेवलीत, तर त्याचंच बोलू. तो काही झेंडा घेऊन निघालेला नाही. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनचा खटला न्यायाधीशांनी त्याच्या गळ्यात घातलाय. मग तो करतो काय? शेरीफला पुन्हा पुन्हा विचारतो, डॉक्टर बोलावला होता का? नाही. मुलीच्या चेहऱ्यावर मार कुठल्या बाजूला होता? उजव्या. मग तिच्या बापाला पाकिटाच्या पाठीवर नाव लिहायला लावतो. बाप डाव्या हाताने लिहितो, म्हणजे उजव्या गालावरचा मार त्याचा असू शकतो. आणि टॉमचा डावा हात लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला! भाषण फार नंतर येतं. गावाने ज्याला आधीच दोषी ठरवलंय त्याच्यासाठी कुणीतरी नीट तयारी करून उभं राहतं, हाच तो ध्येयवाद. शिवाय तो खटला हरतो. भाबड्या गोष्टींत असं होतं का?

मेघदूत

गळ्यात घातलाय, हे तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. मन्रो फ्रीडमन या कायद्याच्या प्राध्यापकाने 1992 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: नेमणूक झाली म्हणून लढला, एरवी भोवतालच्या वर्णभेदाविरुद्ध या माणसाने स्वतःहून काय केलं? आणि 2015 मध्ये आलेल्या, त्याच लेखिकेच्या 'गो सेट अ वॉचमन' या कादंबरीत तर अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो.

माझा खरा राग वेगळा आहे. अशा गोष्टींत पक्षकार कुठे असतो? टॉमला स्वतः बोलायला जेमतेम एक प्रकरण. दोषी टॉम ठरतो आणि गॅलरीतले कृष्णवर्णीय लोक उठून उभे राहतात वकिलासाठी! पक्षकार म्हणजे नायकाचं मोठेपण टांगायची खुंटी झालीय.

जुनाखोड

तुमचं चालू द्या, पण फीबद्दल कुणी बोलणार आहे का? अ‍ॅटिकसला गरीब शेतकरी सरपण आणून देतो, पालेभाजी देतो, की वाचक विरघळले. आमच्या वडिलांच्या दाव्यात वकिलाने दर तारखेला पैसे मोजून घेतले आणि ऐन साक्षीच्या दिवशी ज्युनियरला पाठवलं. त्या पोराच्या हातात फाइलसुद्धा नव्हती. वडील पिंजऱ्यात उभे आणि हा त्यांनाच विचारतोय, काका, प्रकरण काय आहे? असल्या लोकांची अब्रू या कादंबऱ्यांमुळे शाबूत राहते.

तेजस्विनी

मी वकिली करते, आणि हे वाचून संताप आला. त्या वकिलाने केलं ते वाईटच. पण फुकट लढला तरच थोर, हे खूळ याच कथांनी लोकांच्या डोक्यात भरवलंय. अशील येतात आणि म्हणतात, तुम्ही अन्यायाविरुद्ध लढता ना, मग पैसे कसले मागता? टंकलेखन, प्रती, कारकून, ऑफिसचं भाडं, हे कोण देणार? रहस्यकथांतला वकील पेरी मेसन फी घेतो, तरी 80 हून जास्त कादंबऱ्यांत तो अशिलाला वाऱ्यावर सोडत नाही.

जॉन ग्रिशमची 'द रेनमेकर' ही कादंबरी वाचा. त्यातला तरुण वकील रूडी बेलर विमा कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरचा निकाल मिळवतो, कंपनी दिवाळं काढते, हातात दमडी पडत नाही. शेवटी तो वकिलीच सोडतो. पैसा नसेल तर ध्येयवादी माणूस टिकत नाही, हे त्या लेखकाला ठाऊक होतं, तो स्वतः वकील होता.

जुनाखोड

पैसे घेऊ नका असं मी कुठे म्हटलं? घेतले तर या, एवढंच म्हणतोय. तुम्हाला माझ्या वडिलांचा चेहरा दिसला नाही, म्हणून भाड्याचा हिशेब सुचतोय.

तेजस्विनी

एका माणसाच्या पापाचा हिशेब अख्ख्या पेशाकडून मागताय तुम्ही. 'घेतले तर या' हे मात्र शंभर टक्के मान्य.

तळटीप

मूळ मुद्द्यावर येऊ या का? मेसनचा जनक गार्डनर स्वतः वकील होता. चुकीने शिक्षा झालेल्यांची प्रकरणं तपासायला त्याने 1948 मध्ये 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' सुरू केलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लहानपणी पाहिलेल्या मेसनच्या टीव्ही मालिकेचा प्रभाव उघड सांगितलाय. म्हणजे या नायकांचा उपयोग होतो.

आसावरी

मेघदूत, माझ्या आत्याचा पोटगीचा दावा मी जवळून पाहिलाय. तिच्या वकीलबाईंनी एकदाही आवाज चढवला नाही. समोरच्याच्या पगारपत्रकातल्या ओव्हरटाइमच्या एका ओळीवर पेन्सिलची खूण करून कागद पुढे सरकवला, बस्स. पण त्याआधी दोन तास आत्याचं बोलणं ऐकून घेतलं होतं, मध्ये न तोडता. ती ओळ आत्यानेच सांगितली होती. त्यामुळे पक्षकार मुका नको, हे तुमचं पटतं. त्यासाठी ध्येयवादी वकीलच गोष्टीतून हाकलून द्यायचा, हे पटत नाही.

मेघदूत

तयारीचा मुद्दा मान्य. पण पक्षकार मुका नसलेली एक तरी गाजलेली गोष्ट दाखवा.

आसावरी

'जय भीम' हा तमिळ सिनेमा, 2021. कोठडीतल्या मृत्यूचं खरं प्रकरण आहे. ते लढणारे के. चंद्रू पुढे न्यायमूर्ती झाले, आणि मानवी हक्कांच्या खटल्यांत ते फी घेत नसत, जुनाखोड यांनी नोंद घ्यावी. पोलिसांकडून तडजोडीचे पैसे पुढे केले जातात तेव्हा नाही म्हणते ती सेंगेनी, म्हणजे मेलेल्या माणसाची बायको, वकील नाही.

मेघदूत

आणि पोस्टरवर कोण होतं? वकिलाची भूमिका करणारा सूर्याच ना?

आसावरी

पोस्टर निर्माते ठरवतात. नकार तिने दिला. तो प्रसंग पुन्हा बघा आणि तिला खुंटी म्हणता येतं का ते सांगा.