नेशनस्टेट्समध्ये डेलिगेटपदाला उभी आहे, शनिवारी डिबेट. समोरच्याची जुनी गोष्ट काढू का?

ओझरवाली:

राम राम मंडळी,

इथे नेशनस्टेट्स खेळणारे किती जण आहेत कल्पना नाही, म्हणून आधी थोडक्यात सांगते. ब्राउझरवरचा खेळ आहे, २००२ पासून चालू. प्रत्येकाने आपलं एक राष्ट्र काढायचं, समोर येतील ते प्रश्न सोडवायचे, त्यावरून राष्ट्राची अर्थव्यवस्था, नागरी हक्क वगैरे वरखाली होतात. पण माझ्यासारखे बरेच जण अडकतात ते रीजनच्या राजकारणात. अनेक राष्ट्रं मिळून एक रीजन, आणि रीजनचा एक डेलिगेट, म्हणजे प्रमुख. माझं रीजन पाच मूळ पॅसिफिकांपैकी आहे, म्हणजे जिथे नवी राष्ट्रं जन्माला येतात त्यांतलं. कोणतं ते लिहीत नाही, निवडणूक चालू आहे.

सहा वर्षं खेळतेय. दिवसा एका पतसंस्थेत कॅशला बसते, रात्री जेवणं आवरली की लॅपटॉप उघडते. यंदा दुसऱ्यांदा उभी आहे. डिबेट शनिवारी यूटीसी २० वाजता, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे दीड वाजता. डिस्कॉर्डवर, बोलून नाही, लिहून. सूत्रसंचालक प्रश्न टाकणार, उत्तर टाइप करायला पाच मिनिटं. शेवटी प्रत्येक उमेदवाराने समोरच्याला एकच थेट प्रश्न विचारायचा.

मागच्या डिबेटला काय झालं ते सांगते. तेव्हा नव्या राष्ट्रांचं स्वागत करायचं खातं माझ्याकडे होतं. रोज रात्री मी टेलिग्राम (खेळातल्या खेळात जाणारे निरोप) पाठवायचे आणि आकडे वहीत लिहून ठेवायचे: किती पाठवले, किती जण वर्ल्ड असेंब्लीत (खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघासारख्या सभेत) आले, किती जणांनी फोरमवर नाव नोंदवलं. डिबेट सुरू झाली आणि वीसेक मिनिटांत वीज गेली. मोबाइलच्या उजेडात मोबाइलवरच टाइप करत होते. समोरून प्रश्न आला: तुमच्या टेलिग्राममुळे किती राष्ट्रं असेंब्लीत आली? वही आतल्या खोलीत, तिथे सासूबाई झोपलेल्या. मी लिहिलं, "बरीच." लगेच खाली आलं, "बरीच म्हणजे किती?" आणि माझी पाच मिनिटं संपली. आकडा ८७ होता. तो मला आजही पाठ आहे. नऊ मतांनी हरले.

आता खरा प्रश्न. या वेळी समोर असलेल्या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका छोट्या रीजनमध्ये निवडणूक हरल्यावर खुर्ची सोडली नव्हती. न खेळणाऱ्यांसाठी सांगते: आमची घटना, निवडणूक, मतमोजणी सगळं फोरमवर, आमचं आम्ही ठरवलेलं. खेळाच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो. त्याला कळतं एकच, रीजनमध्ये सगळ्यात जास्त एंडोर्समेंट, म्हणजे असेंब्लीतल्या राष्ट्रांनी दिलेला पाठिंबा, कोणाकडे. दिवसातून दोनदा अपडेट होतो, त्या वेळी ज्याच्याकडे जास्त तो डेलिगेट. म्हणजे हरलेल्या डेलिगेटनेच लोकांना सांगावं लागतं, माझी एंडोर्समेंट काढा आणि जिंकलेल्याला द्या. यांनी अकरा दिवस सांगितलं नाही. उलट विरोधातली सात राष्ट्रं रीजनबाहेर काढली.

पुढे त्यांनी लेखी माफी मागितली, सविस्तर. आमच्याकडे दोन वर्षं व्हाइस डेलिगेट आहेत आणि काम चोख आहे, हे मला मान्य आहे. माझा एकुलता एक प्रश्न मी यावर खर्च करावा का? तुम्ही माझ्या जागी असता तर?

हडसनकाठ:

ताई, मी नेशनस्टेट्स खेळत नाही, पण रेडिटवरच्या मॉडेल पार्लमेंटमध्ये दोन टर्म डिबेट चालवल्या आहेत. तुमच्या खऱ्या प्रश्नावर जाणकार बोलतील, मी तयारीचं सांगतो.

लिहून होणाऱ्या डिबेटला हजर असतात पंधरा-वीस जण. मत देणारे बाकीचे सकाळी कॉफी पिताना वरून खाली सरकवत वाचतात. त्यामुळे उत्तर पहिल्या ओळीत आलं पाहिजे, कारणं नंतर. तुमची "बरीच" तिथेच अडली. "८७" एवढंच लिहून पुढचं सगळं राहून गेलं असतं तरी चाललं असतं.

दुसरं, शेवटी कोण लिहिणार ते आजच सूत्रसंचालकांना विचारून घ्या. अमेरिकेत सिनेटच्या जागेसाठी समोरासमोर उभे असलेले लिंकन आणि डग्लस यांच्या १८५८ च्या सात वादसभांत पहिला वक्ता ६० मिनिटं बोलायचा, दुसरा ९०, आणि मग पहिल्याला परत ३०. म्हणजे जो सुरुवात करी त्यालाच शेवटचा अर्धा तास मिळे. म्हणून सुरुवात कोणी करायची हे सभेगणिक आलटून पालटून ठरलं होतं. तुमच्याकडे असं काही ठरलेलं नसेल तर नाणेफेक मागा. हक्काचं आहे, संकोच करू नका.

आणि इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉप संध्याकाळीच पूर्ण चार्ज करा. वही मांडीवर.

जुना भिडू:

मी बारा वर्षं खेळतोय, दोनदा मंत्री होतो. माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. माणसाने माफी मागितली, दोन वर्षं राबला. व्हाइस डेलिगेट म्हणजे एंडोर्समेंटमध्ये दुसऱ्या नंबरचा माणूस, त्याच्या मनात आलं असतं तर या दोन वर्षांत कधीही घात करता आला असता. केला नाही. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

शिवाय ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे. नव्या लोकांना तुम्ही सांगितलंत तर त्यांना दिसेल ते इतकंच, की या बाईंकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे तर ८७ आहेत. त्यावर बोला.

दप्तरवाला:

जुना भिडू यांच्याशी अर्धा सहमत.

मी ग्रामपंचायतीत काम करतो. आमच्याकडे बदली झाली की दप्तराचा चार्ज द्यावा लागतो. यादी करायची, कीर्द, नमुने, पावतीपुस्तकं, शिक्के, एकेक मोजून समोरच्याच्या हातात द्यायचं, दोघांनी सह्या करायच्या. देणारा माणूस देवासारखा असला तरी यादी होते. यादी केली म्हणून कोणी त्याला चोर म्हणत नाही. आणि कोणी अडून बसलाच तर वर गटविकास अधिकारी आहेत, जिल्हा परिषद आहे.

तुमच्या खेळात वर कोणी नाही, असं तुम्हीच लिहिलंय. प्रोग्रॅमला निवडणूक कळत नाही. मग चार्ज कसा देणार हे मतदानाच्या आधी, सगळ्यांसमोर लिहून घेण्याची जागा ही डिबेटच. म्हणून विचारा, पण तीन वर्षांपूर्वीचं नका विचारू. आता निवडून आलात आणि पुढच्या निवडणुकीत हरलात तर काय करणार, ते विचारा. तारखा मागा, पायऱ्या मागा.

आणि लक्षात ठेवा, हाच प्रश्न फिरून तुमच्याकडे येईल. आपली यादी आधी तयार हवी.

ओझरवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. कामावर जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि संध्याकाळभर तेच डोक्यात होतं.

हडसनकाठ दादा, सूत्रसंचालकांना विचारलं. शेवटी कोण हे ठरलेलंच नव्हतं! आता नाणेफेक होणार आहे.

जुना भिडू, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी मन मानत नाही. त्या सात राष्ट्रांपैकी एक माझी मैत्रीण होती. केनियात शिक्षिका आहे, आम्ही कधी भेटलो नाही. चार वर्षं तिने त्या रीजनचं वर्तमानपत्र काढलं होतं. एका रात्रीत बाहेर फेकली गेली, नंतर तिने खेळच सोडला. अठ्ठावीस दिवस लॉगिन केलं नाही की राष्ट्र बंद पडतं, तिचंही पडलं. माफीनाम्यात तिचं नाव होतं, पण ती वाचायला नव्हती. एंडोर्समेंट म्हणजे नुसता आकडाही नाही. आमचा डेलिगेट असेंब्लीत मत टाकतो तेव्हा प्रत्येक एंडोर्समेंटमागे त्याचं एक मत वाढतं. शेकडो लोकांचं वजन एका माणसाच्या हातात जातं. ते परत कसं मिळणार हे विचारलं तर त्यात चिखलफेक काय, हे मला अजून कळत नाही.

पण दप्तरवाल्या दादांनी जी वाट दाखवली ती घेते. आधी माझी यादी, म्हणजे निवडून आल्यावर पुढे कधी हरले तर काय करीन:

निकाल लागल्यापासून २४ तासांच्या आत मी असेंब्लीतल्या सगळ्या राष्ट्रांना टेलिग्राम पाठवीन: माझी एंडोर्समेंट काढा, विजेत्याला द्या. विजेता पुढे जाईपर्यंत रोज एक आठवण. दरम्यान कोणालाही बाहेर काढणार नाही, बंदी घालणार नाही. तरीही माझा आकडा विजेत्यापेक्षा जास्त राहिला तर सातव्या दिवशी मी असेंब्लीचा राजीनामा देईन, म्हणजे माझी सगळी एंडोर्समेंट आपोआप जातील.

हे मी त्यांनी विचारायची वाट न बघता सुरुवातीच्या निवेदनातच टाकणार आहे. आणि त्यांना प्रश्न असा:

"मी हरले तर पद कसं सोडीन हे मी वर लिहिलं आहे. तुम्ही हरलात तर तुम्ही पद सोडाल का?"

इंग्रजी मी करीन, आधी मराठीत नीट बसवायचं आहे. कसा वाटतो?

जुना भिडू:

तुमच्या मैत्रिणीचं माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेत नाही, पण असा विचारलात तर मी तरी नाक मुरडणार नाही. राजीनाम्याचं कलम चांगलं आहे, आमच्याकडे कोणी इतकं स्पष्ट लिहिल्याचं आठवत नाही.

दप्तरवाला:

प्रश्नातली एक गोष्ट बदला. "सोडाल का" ला ते "हो" म्हणतील आणि विषय संपेल. "कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने सोडाल" असं लिहा.

ओझरवाली:

बदलला. वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, ८७ च्या वर.