कूपर आडनाव मूळचं कुणाचं?

वेंगुर्लेकर: आजोबा मुंबईत कूपर नावाच्या पारशी शेटकडे कामाला होते. शेटनी दिलेली ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात ‘कूपर’. पहिलं अक्षर निम्मं उडालंय. हे नाव इंग्रजांचं की पारशांचं?

खाडीकाठची: मूळ इंग्रजांचंच. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. फळ्या शेकून वाकवायच्या, वरून कडी ठोकून आवळायच्या. जहाजावरचं पाणी, दारू, खारवलेलं मांस, सगळं पिंपातच, त्यामुळे बंदरांत त्याला कायम काम. आपल्याकडचे तांबट, सुतार तसंच हे. पुढे नाव अमेरिकेतही गेलं. न्यूयॉर्क राज्यातलं कूपरस्टाउन विल्यम कूपरने १७८६ मध्ये वसवलं. पारशांनी ब्रिटिश काळात धंद्यांची इंग्रजी नावं घेतली, इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टर, त्यातलंच हे.

बागायतदार: डचांकडे हेच कायपर. नेपच्यूनपलीकडचा कायपर पट्टा त्याच आडनावाच्या खगोलशास्त्रज्ञाचा. आणि डचांची वखार तर तुमच्या वेंगुर्ल्यातच!

वेंगुर्लेकर: ताई, दादा, खूप आभार. वखारीच्या पडक्या भिंती लहानपणापासून बघतोय, पण हा धागा कधी जुळला नव्हता. रविवारी ट्रंक खाली काढतो. त्या अक्षरांवर नवा रंग मात्र चढवू देणार नाही.