जुगार, पत्ते, हाऊजी: तुमच्या घरात कोण काय खेळायचं? (अनुभव धागा)

चाळकरीण
काल टीव्हीवर जुन्या मटक्यावर काहीतरी लागलं होतं, आणि लालबागची आमची आजी आठवली. आजोबा मिलमध्ये. पगार झाला की ओपन-क्लोज सुरू. रोज सकाळी आजीला विचारायचे, काय स्वप्न पडलं? साप दिसला तर हा आकडा, वरात दिसली तर तो. दोन आकड्यांच्या एका जोडीवर त्यांना खोली सोडून ब्लॉक घ्यायचा होता. आजी खरं स्वप्न सांगायचीच नाही! दुसरंच काहीतरी ठोकून द्यायची आणि खऱ्या स्वप्नाचा आकडा शेजारच्या पोराकरवी चार आण्याला स्वतः लावायची. लागला तर रुपयाला नऊ. साठवून स्टीलचे डबे घेतले, आईकडे अजून आहेत. डबा आला की तिचा मटका बंद. आजोबांचं लागलं तरी परत तिथेच. बायका वेगळ्याच कारणाने खेळतात का हो? तुमच्याकडचं लिहा.

निवांत नाना
आजी भारीच. कुठला मटका, कल्याण की वरळी? कल्याणजी भगतांचा १९६२ चा, रतन खत्रींचा न्यू वरळी १९६४ चा.

चाळकरीण
नाना, दोन्ही 😄

भिशीवाली
आमच्या भिशीत हाऊजी. जल्दी पाच, मधली ओळ, फुल हाऊस. जिंकलेलीने सगळ्यांना आइस्क्रीम द्यायचं, म्हणजे तिलाच भुर्दंड. पैशांसाठी कोण जातंय, तेवढे दोन तास "अगं चहा टाक" ऐकू येत नाही. कुकर लावलाय नंतर लिहिते

८:११ची लोकल
मांडीवर ब्रीफकेस आडवी, त्यावर रमी. पैसे किरकोळच. पण हरलेला "माझा प्युअर (जोकरशिवायचा सिक्वेन्स) लागला होता रे, एका पत्त्यासाठी गेलं" हे कुर्ल्यापासून दादरपर्यंत सांगणार. लेडीज डब्यात पत्ते नसतात का?

मटारवाली
लेडीज डब्यात मटार सोलतात. ठाण्याला सीट मिळाली तर तीच लॉटरी.

मांडवीकाठी
पणजीला कॅसिनोच्या बोटीवर डीलर होतो. २०२० पासून गोंयकारांना खेळायला बंदी, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं बाहेरचं. पोरांचा घोळका रूलेटला. हरला की पुढच्या डावाला दुप्पट, कारण मित्र बघतायत. आणि शिव्या आम्हाला. बायका बऱ्याचदा स्लॉट मशीनपाशी, एकट्या, कुणाशी बोलणं नाही. पण नियम करू नका यातून. इंडियन फ्लशच्या, म्हणजे तीन पत्तीच्या टेबलावर एक काकू यायच्या, ब्लाइंडवर ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघताच पैसे लावायच्या, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. समोरचा एकेक जण पत्ते टाकून पॅक. काका मागे त्यांची पर्स धरून उभे.

निवांत नाना
पर्स धरून 🙏 दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात ते उगाच नाही. त्या कथेतही शंकर हरतो, पार्वती जिंकते.

नाव नको
माझी वहिनी. मुलं झोपली की फोनवर रमी. आधी फुकटची, मग पैशांची. दादाला पत्ताच नाही, कारण घरातले पैसे जायला लागले की सगळे पुरुषाकडेच बघतात. दादावरच संशय घेतला आम्ही. पाटल्या गहाण गेल्या तेव्हा कळलं. जिंकायचं नव्हतंच म्हणाली, सासऱ्यांचं आजारपण, औषधं, डायपर, तेवढा वेळ डोक्यातून जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा होऊन पैशांचे गेम बंद झाले तर सुटलो म्हणायच्या ऐवजी हीच घरभर चिडचिड करत फिरायची.

भिशीवाली
अगं बाई. आता कशा आहेत त्या?

नाव नको
बऱ्या. पाटल्या नाही सुटल्या अजून.

मटारवाली
टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात. आणि सासऱ्यांना बघायला माणूस ठेवा आधी!!

तालुक्याचा
बाई-पुरुष वगैरे मला पटत नाही. आमच्याकडे जत्रेत झन्नामन्नाच्या, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराच्या गोलात बाई बसली असती तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. मटक्याची टपरी, क्लब, रेसकोर्स, सगळीकडे पुरुषच. बायकांच्या वाट्याला हॉलमधली हाऊजी आणि देवापुढे ठेवलेलं लॉटरीचं तिकीट. आवडीपेक्षा जागेचा प्रश्न हो. पत्ते फोनवर आल्यावर वहिनी पण बसल्याच की.

चाळकरीण
हे पटलं. आजी स्वतः टपरीवर कधीच गेली नाही, पोरगा लागायचाच.

८:११ची लोकल
आता आमच्या डब्यात पत्ते नाहीत, सगळे शेअर बाजारातले ऑप्शन्स खेळतात. त्याला जुगार म्हटलं तर राग येतो. सेबीचा २०२४ चा अहवाल बघा, एफअँडओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) पुरुषांत ९२ टक्क्यांच्या आसपास तोट्यात, बायकांत ८६.

मटारवाली
म्हणजे आम्ही सहा टक्के शहाण्या. नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, त्या तोट्यातल्यांना स्टॉपलॉस (ठरावीक तोट्यावर आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) लावता येत नाही. आणि परत मोबाईलात.

भिशीवाली
हाऊजीच्या आकड्यांची पिशवी कुणाकडे जास्तीची आहे का? आमच्यातला ४७ हरवलाय, शनिवारी भिशी आहे. डोंबिवली पूर्व, येऊन घेऊन जाईन