मंगळावरून दिसतं ते ग्रहण म्हणायचं का?

उपच्छाया
मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने २ एप्रिल २०२२ला जेझेरो विवरातून टिपलेला व्हिडिओ काल परत पाहिला. मंगळाचा चंद्र फोबोस सूर्यावरून सरकतो, चाळीसेक सेकंदांत खेळ खलास. मथळे मात्र 'मंगळावरचं सूर्यग्रहण'! माझ्या मते हे अधिक्रमण, म्हणजे लहान बिंब सूर्यावरून नुसतं सरकणं. मंगळावरून सूर्यबिंब साधारण २१ कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतं, फोबोस अगदी डोक्यावर असला तरी १२ कलांच्या आसपास. निम्म्याहून जास्त सूर्य उघडाच. अंधार नाही, करोना (सूर्याभोवतीची प्रभा) नाही, खग्रासच्या कडेला चमकणारी हिऱ्याची अंगठी नाही. मग ग्रहण कसलं?

दगडधोंडे
असहमत. कंकणाकृती ग्रहणातही करोना दिसत नाही. तेही यादीतून काढायचं का?

उपच्छाया
कंकणाकृतीत चंद्राचा व्यास सूर्याच्या नव्वद टक्क्यांहून जास्त दिसतो हो. इथे कंकण तरी कुठे नीट होतंय? फोबोस म्हणजे २७ × २२ × १८ किमीचा ओबडधोबड दगड.

दगडधोंडे
दगडच तर बघायचाय! आपला चंद्र सूर्यासमोर नुसता काळा गोल. फोबोसच्या कडेचे उंचवटे-खळगे त्या व्हिडिओत दिसतात. आणि 'फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनी मंगळावर उतरलेल्या इनसाइट लँडरला विचारावं. फोबोसच्या सावलीत प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी उतरला आणि त्याचा भूकंपमापक किंचित कलला, जमीन गार झाल्यामुळे. जमिनीला कळतं ते ग्रहण, एवढी साधी व्याख्या मला पुरते.

रिकामा_वेळ
व्याख्या आवडली. त्या हिशोबाने मंगळाचा दुसरा चंद्र डायमॉस बाद. तो २ कलांचा ठिपका, शुक्राच्या अधिक्रमणाचा थोरला भाऊ फार तर.

पण धागाकर्त्यांनी एक बाब सोडली, किती वेळा दिसतं ही. फोबोस ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो. मंगळाच्या वर्षातला अयनदिनांजवळचा (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांजवळचा) काळ वगळला तर त्याची सावली प्रत्येक फेरीत मंगळावर कुठे ना कुठे पडतेच. म्हणजे दिवसाला तीनदा! (ध्रुवाजवळ राहणाऱ्यांना फोबोस उगवतच नाही, त्यांनी स्थलांतर करावं.)

उपच्छाया
दिवसाला तीनदा होणाऱ्या गोष्टीसाठी कोणी मान वर करेल? जमिनीच्या कलण्याचा मुद्दा मात्र बिनतोड, तो मान्य. तरी बघायला जायचं तर मी चंद्रावर जाईन. आपल्याकडे चंद्रग्रहण असतं तेव्हा तिथे पृथ्वी सूर्याला झाकते, कधीकधी तासाभराहून जास्त, आणि तिच्याभोवती वातावरणाचं लाल कडं पेटतं. १४ मार्च २०२५ला चंद्रावर उतरलेल्या ब्लू घोस्ट लँडरने तिथून ग्रहण टिपलं.

दगडधोंडे
चंद्र ग्रह कधी झाला? विषय परग्रहाचा आहे. शिवाय आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंमी दूर चाललाय, साठेक कोटी वर्षांनी पृथ्वीवर खग्रास संपलं. फोबोस मात्र शंभर वर्षांत १.८ मीटर जवळ येतोय, बिंब वाढतंच जाणार. भविष्य मंगळाचं!

रिकामा_वेळ
कसलं भविष्य? पाचेक कोटी वर्षांत फोबोस मंगळावर आदळणार, नाहीतर फुटून त्याचं मंगळाभोवती कडं होणार. खग्रास संपायच्या कितीतरी आधी.

दगडधोंडे
कडं झालं तर त्याची सावली रोज पडेल. तिला काय म्हणायचं, यावर नवा धागा काढतो.